बिननावाची तार

माईंनी चहात चमचा फिरवला आणि तो कपाच्या कडेला एकदाच वाजला, टिण्. डॉक्टरांनी साखर बंद केल्याला चार वर्षं झाली होती. चहात ढवळायला काही नव्हतं. पण ढवळल्याशिवाय चहा झाला असं त्यांना वाटतच नसे. त्या एवढ्याशा आवाजाने टेबलाभोवतीची बाकीची चौघं भानावर आली. दादाने पालिकेचं पत्र पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचून संपवलं होतं, कागद उडून जाईल की काय अशा बेताने चष्मा काढून त्यावर ठेवला होता, आणि तेव्हापासून रविवारची ती दुपार नुसती पंख्याखाली बसून होती.

पत्र दोन पानांचं होतं आणि त्याचा अर्थ दोन ओळींचा. येत्या महिन्यापासून गावातल्या प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक घरात इंटरनेट फुकट. त्यासाठी पालिकेला नवी केबल टाकायची नव्हती. या घराने गेल्या चाळीस वर्षांत खांबाखांबावरून आणि गच्चीगच्चीवरून ओढलेली तारच हवी होती. मोबदला ठरला होता. चारही मालकांच्या सह्या आणि सोबत प्रत्येक जोडणीची नाववार यादी उद्या सकाळी दहाच्या आत द्यायची होती. नाही दिली, तर पालिका आपली केबल टाकायला मोकळी. मग त्याला दोन वर्षं लागोत की पाच.

चार मालक म्हणजे अण्णांच्या मागे राहिलेल्या माई, थोरली लेक आक्का, मधला दादा आणि धाकटा लेक. धाकटा घरी नव्हता. तो समुद्राच्या तळाशी केबल टाकणाऱ्या जहाजावर होता, वर्षातले आठ महिने. घरात त्याला सगळे जहाजवालाच म्हणत. निघताना त्याने आपल्या सहीचा अधिकार रीतसर कागदावर बायकोला देऊन ठेवला होता. तिला घरात धाकटी म्हणत. त्यामुळे सही नवऱ्याची आणि हात धाकटीचा, अशी गत होती. कालच तिने त्याला फोनवर विचारलं होतं, काय करू. आवाज तुटत तुटत आला होता, “तू ठरव. मी इथं तळाला तार सोडतोय, मला वरचं काय कळतं?”

“फुकट,” दादा शेवटी म्हणाला. घास कडू लागल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं. “म्हणजे उद्या तार तुटली की कुणाला फोन करायचा? मला केला की अर्ध्या तासात मी खांबावर असतो. पालिकेला केला की ते तक्रार क्रमांक देतात. बसा मग तो क्रमांक चाटत.”

त्याची बायको, वहिनी, हं म्हणाली. एकोणीस वर्षं तक्रारींचा फोन तिनेच घेतला होता. नाव सांगायच्या आधी, नुसत्या खाकरण्यावरून ती माणूस ओळखायची.

आक्का सरकारी दवाखान्यात मोठी परिचारिका. रविवार असूनही ती ड्युटीवरून तशीच आली होती, पायातले पांढरे बूट काढायचंही तिला सुचलं नव्हतं. तिने जे सांगितलं ते या घरात तिसऱ्यांदा सांगत होती. दवाखान्याच्या तारखा नेटवर, तपासण्यांचे निकाल नेटवर, मोफत औषधाचा अर्जसुद्धा नेटवर. मागच्या बुधवारी एक बाई दोन बस बदलून आली, तर तिची तारीख सोमवारीच होऊन गेलेली. बदल कळवला होता. फक्त तो जिथे कळवला होता तिथे जायला त्या बाईकडे वाट नव्हती.

“सगळी कामं तिकडे नेली कुणी? सरकारनं,” आक्का म्हणाली. “दार त्यांनी हलवलं ना? मग तिथवर रस्ता कुणी करून द्यायचा?”

“आणि रस्ता ज्याचा, तो नाकाही टाकतो.” दादाने चष्मा उचलून पुन्हा तिथेच ठेवला. “उद्या कुठल्या वस्तीनं मोर्चा काढला की वरून फोन येईल, त्यांचं बंद करा. मला आला नव्हता असा फोन? दोनदा आला. केलं का मी बंद?”

“तू नाही केलंस,” आक्का म्हणाली. “तू पुढची पन्नास वर्षं खांबावर चढणार आहेस का?”

धाकटीची पंचाईत अशी, की दादा बोलला की तिला दादाचं पटत होतं आणि आक्का बोलली की आक्काचं. आणि नुसतं पटण्यावर भागणारं नव्हतं. नवरा समुद्रावर असताना लेकीला, चिमीला, ताप आला की गाडी बाहेर काढणारा दादाच होता. चिमीच्या शाळेच्या कागदावर वडिलांच्या जागी सहीला उभा राहायचा तोही दादाच. या माणसाने वयाच्या सोळाव्या वर्षापासून दुसरं काही केलं नव्हतं. खांब, शिडी, तार. ती सही करील त्या क्षणी त्याच्या हातातून शिडी निघून जाणार होती. पत्रात अगदी शेवटी एक ओळ होती, विद्यमान कामगारांना सामावून घेण्याचा विचार केला जाईल. ती ओळ वाचताना दादाचा आवाज नेहमीसारखाच होता. तिला तेच सहन झालं नव्हतं.

“धाकटे,” आक्का म्हणाली, “तू केव्हाची मूग गिळून बसली आहेस. तुझं काय?”

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. फक्त माई चहा पीत होत्या.

खरं म्हणजे तिच्या पोटात गुरुवारपासून एक गोष्ट होती. आता ती बाहेर काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“यादी पूर्ण झालेली नाही,” ती म्हणाली.

अण्णांची काम करायची एक पद्धत होती आणि ती मोडायची या घरात कुणाची छाती नव्हती. खांबावर तार चढायच्या आधी तिचं नाव तयार हवं. बोटाएवढी पत्र्याची पट्टी घ्यायची, खिळा आणि हातोडीने तिच्यावर एकेक ठिपका मारत अक्षरं उमटवायची आणि ती तारेच्या दोन्ही टोकांना बांधायची. ‘शिंपी, दुसरा मजला’. ‘शाळेचा शिपाई’. ‘पोलीसबाई’. ‘लाकडाच्या वखारीमागे, आजी एकटी’. नंबर टाकायचा नाही. नंबर विसरतो माणूस, अण्णा म्हणायचे, आजी विसरत नाही. त्यांच्यानंतर दादानेही तसंच केलं. वादळात अख्खा खांब आडवा झाला तरी दादा चिखलात बसून पट्ट्या बोटांनी चाचपत तारा जुळवायचा आणि वीज आली की लगेच घरं जागी व्हायची.

गेले दोन आठवडे, चिमी दुपारी झोपली की धाकटी नकाशा पसरून त्या पट्ट्यांची यादी करत होती. एक हजार नऊशे सेहेचाळीस तारा आणि एक हजार नऊशे पंचेचाळीस नावं. उरलेली एक तार त्यांच्याच गच्चीवरून निघून मागच्या भिंतीवरून खाली उतरत होती, मागच्या गल्लीकडे. गच्चीतल्या टोकाला पट्टी होती. तिच्यावर एकही ठिपका नव्हता.

“कोरी?” वहिनीने विचारलं.

“कोरी. आणि चालू आहे. ऑफिसच्या मशीनवर दिसतंय. दिवसभर चालू असते.”

दादा उठला, खण उघडून त्याने पक्कड काढली. त्याच्या चेहऱ्यावर रागाआधी लाज आली, ती धाकटीने पाहिली. या घरातून चोरी होत होती, तीही तारेची, आणि त्याला पत्ता नव्हता. तो मागच्या जिन्याकडे निघाला. त्याच्यामागे आक्का, तिच्यामागे धाकटी. चपला तरी घाला, असं ओरडत वहिनी चपलेचा एकच जोड हातात घेऊन मागून आली. कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मागची गल्ली म्हणजे घराची पाठ. तिकडे कुणी बघत नसे. भिंतीच्या बुडाशी लांबच लांब दगडी पायरी होती आणि तिच्यावर नेहमी माणसं बसलेली असत. सावलीला बसतात, असं घरात म्हणत. सहा वर्षांपूर्वी वहिनीने कटकट केली म्हणून दादाने ‘येथे बसू नये’ अशी पाटीसुद्धा लावली होती. ती महिन्याभरात गायब झाली आणि माईंच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून सापडली. माईंना वाटलं असेल फळी पडली आहे, असं म्हणून सगळे हसले होते.

आज धाकटीने दारातून पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की भिंतीचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत ऊन थेट पायरीवर येतं. आणि त्या उन्हात माणसं बसली होती. वीस, बावीस, पंचवीस. सावली समोरच्या बाजूला होती; तिथे एकही नव्हतं.

कुणी बोलत नव्हतं. एक ड्रायव्हर गुडघ्यावर टोपी ठेवून वाचत होता. एका मुलीने पायरीवर कागद पसरले होते, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर आपल्याच चपला ठेवल्या होत्या, आणि ती कसलासा अर्ज भरत होती. कारखान्याच्या एकसारख्या कपड्यातल्या दोघी एकाच फोनला दोन कान लावून बसल्या होत्या. बोटांच्या पेरांवर सिमेंट वाळलेला एक गवंडी कमानीचा दगड कसा बसवतात ते बघत होता. संपलं की मागे नेऊन पुन्हा बघत होता, आणि त्याचा मोकळा हात हवेत तो दगड बसवत होता. सगळ्यात कडेला एक म्हातारा दोन्ही हातांनी फोन लांब धरून बसला होता, आरसा धरतात तसा, आणि त्यात कुठल्या तरी दूरच्या खोलीत एक बाळ जांभई देत होतं. म्हाताऱ्यानेही जांभई दिली.

धाकटीला एकदम नवऱ्याचं बोलणं आठवलं. समुद्राच्या तळाशी ती केबल फक्त अंगठ्याएवढी जाड असते, त्याने सांगितलं होतं. उजेड नाही, आवाज नाही. मासे तिच्यावरून निघून जातात, आणि आत सगळ्या जगाचं बोलणं चाललेलं असतं. तेव्हा तिने हुं हुं केलं होतं, कारण दूध उतू जात होतं. आता ते तिला डोळ्यांसमोर दिसलं. त्या अंधारातून निघालेली जांभई या भिंतीपर्यंत आली होती. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत.

दादाने खिशातून फोन काढला. या घरातले फोन घरात असोत की गल्लीत, आपोआप घरचं नेट पकडत; म्हणून शेजारी दुसरं कुठलं दिसतं का, हे साऱ्या गावाला तार पुरवणाऱ्या या घरात कुणी कधी बघितलंच नव्हतं. त्याने बघितलं. घरच्या नावाखाली दुसरं एक नाव होतं आणि त्याला कुलूप नव्हतं.

“काय लिहिलंय?” आक्काने विचारलं.

दादाने फोन तिच्यापुढे धरला. ‘बसा’, एवढंच लिहिलं होतं.

तेवढ्यात माणसांच्या रांगेतून चिमी निघाली. हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले तीन पेले. ती झोपली आहे अशा समजुतीत तिची आई दुपारभर होती. “सरका,” ती गवंड्याला म्हणाली आणि गवंडी सरकला. तिला जागा करून द्यायची सवय असल्यासारखा. मग त्याची नजर वर गेली, दादावर आणि दादाच्या हातातल्या पकडीवर.

एकेक करत सगळ्यांनी माना वर केल्या. धाकटीला वाटलं, आता कुणीतरी भांडेल, कुणी पळेल. तसं काही झालं नाही.

“साहेब, दुरुस्ती आहे का?” गवंड्याने विचारलं. “किती वेळ बंद राहील?”

“माझं एकच पान राहिलंय,” ती मुलगी म्हणाली. तिने कागदांवर हात ठेवला होता. “पण लागत असेल तर करा बंद. मी उद्या येते.”

म्हाताऱ्याने काही न विचारता फोनमधल्या बाळाला निरोपाचा हात हलवायला सुरुवातही केली होती.

दादाच्या कानशिलावरून घाम ओघळला. एकोणीस वर्षं लोकांनी त्याला फोन करून शिव्या घातल्या होत्या, लवकर ये म्हणून. त्याला त्याचा अभिमान होता. असं कुणी कधी त्याच्याशी बोललं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “चालू द्या. नुसतं बघायला आलो होतो.”

वर आल्यावर त्याने पहिला प्रश्न धाकटीला विचारला. किती जण?

तिने ऑफिसचा लॅपटॉप टेबलावर उघडला. त्या एका तारेवरून आजवर जेवढे फोन जोडले गेले त्यांची नोंद मशीनमध्ये होती. कुणी ती कधी मागितली नव्हती, म्हणून मशीनने कधी सांगितली नव्हती. आकडा आला अकरा हजार चारशे सात. अख्ख्या गावात घरं नव्हती एवढी. तिने खालची यादी सुरू केली आणि ती सरकू लागली. बहुतेक ठिकाणी नुसतं फोनच्या कंपनीचं नाव आणि आकडे. पण मधूनच कुणी आपल्या फोनचं बारसं केलेलं. ‘आईचा जुना’. ‘फुटकी काच’. ‘परीक्षा’. ‘मी पण’. ‘रात्रपाळी’. ‘बाबांचा होता’. ‘हरवला तर परत द्या’. ‘वॉर्ड तीन’.

“वॉर्ड तीन माझा आहे,” आक्का हळू म्हणाली. “आमच्या सफाईवाल्या मावशींचा फोन असेल. त्या इथवर येतात?” आणि तिने पायातले बूट काढले, का कुणास ठाऊक.

यादी संपेना. वहिनीने खुर्ची जवळ ओढली आणि चष्मा लावून तोंडातल्या तोंडात नावं वाचू लागली. गावातली सगळी माणसं आपण आवाजावरून ओळखतो, असा तिचा दावा असे. यातला एकही आवाज तिने ऐकलेला नव्हता. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून पुढे सरकलं, कुणाचा हात कुणाच्या हातावर होता ते कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि नावं येतच होती. कुठून कुठून चालत आलेली, उन्हात बसलेली, आपल्या पाठीला पाठ लावून.

“अण्णांनी केलं हे,” दादा म्हणाला. “पट्टी कोरी ठेवून. अण्णांनी.”

“मी करायला लावलं,” माई म्हणाल्या.

त्यांनी कप खाली ठेवला. पुढचं त्यांनी सांगितलं ते नेहमीच्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

चौदा वर्षांपूर्वी दादा खांबावरून पडला आणि त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, ते सगळ्यांनाच माहीत होतं. अकरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. अण्णा सह्या आणि रक्ताच्या बाटल्या यांच्या मागे, माई बाहेर. आत कुणाला सोडत नव्हते. नातेवाइकांना एक नंबर देत आणि सांगत, पेशंटची तब्येत सकाळ-संध्याकाळ नेटवर टाकतो, तिथे बघा. माईंच्या फोनवर नेट नव्हतं. गावभर नेट देणाऱ्याची बायको, आणि हातात नुसता फोन. दरवानाला दया आली. तो म्हणाला, समोर तो दातांचा डॉक्टर आहे ना, त्याच्या पायरीवर बसा, तिथे मिळतं.

“बसले,” माई म्हणाल्या. “अजून सात-आठ बायका होत्या. सकाळी एक ओळ यायची, संध्याकाळी एक. प्रकृती स्थिर. तेवढ्यावर दिवस जायचा. त्या डॉक्टरचं तोंड मी कधी पाहिलं नाही. त्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.”

“मग?” वहिनीने विचारलं. ते अकरा दिवस ती दवाखान्याच्या दुसऱ्या दारात उभी होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

“सातव्या दिवशी सकाळी बंद झालं. त्यानं कुलूप घातलं त्याला. सगळ्या बायका पायरीवर तशाच. आत माझं पोर आहे की नाही, मला कळेना. दीड दिवस.” माईंनी दादाकडे पाहिलं नाही. “दार तिथंच होतं, चार पावलांवर. वाजवता आलं नाही. काय म्हणून वाजवायचं? त्याचं होतं, त्यानं बंद केलं. आम्ही कोण?”

माईंनी रिकामा कप पुढे सरकवला.

“परत आल्यावर यांना म्हटलं, आपल्या भिंतीत एक लावा. आणि नाव घालू नका. यांनी काही विचारलं नाही. पट्टी कापली, तशीच बांधली.”

“म्हणजे तुझी सही,” आक्का पुढे झुकून म्हणाली, “पालिकेच्या बाजूनं.”

“थांब गं. मला बाजूबिजू कळत नाही.” माईंनी टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. “मला वाटायचं मी फार मोठं काम केलंय. चिमीच्या हाती पाणी पाठवायची. मागच्या महिन्यात मला ताप होता बघा, तेव्हा झाडताना त्या खालच्या नेटचं बटण बंद झालं माझ्या हातून. तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं, तर माणसं बसलेली. बंद पडलेलं, तरी बसलेली. एकानं वर येऊन दार वाजवलं नाही. का वाजवतील? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पण तो दातवालाच की.”

  पालिकाही उद्या दातवाला होईल, दादा म्हणाला, फक्त मोठा. एका कुलपात अख्खं गाव.

“होईल,” माई म्हणाल्या. “पण तिचं दार वाजवता येतं. तिनं उघडलं नाही तर लाथ मारता येते. मला कोण मारणार? मी तर उपकार करतेय.”

त्यावर वहिनी बोलली, आणि ती दादाच्या विरुद्ध बोललेली घरातल्या कुणी आजवर ऐकली नव्हती. “दार वाजवायचं तर पलीकडे उचलणारं कुणीतरी हवं,” ती म्हणाली. “तक्रार क्रमांक नको. माणूस हवा. तक्रारीचा फोन मी घेणार, असं लिहा त्या कागदावर. आणि शिडी कोण चढणार तेही लिहा. विचार केला जाईल म्हणे. विचार करायला त्यांना वेळ कुठे आहे?”

धाकटीने कागद आपल्याकडे ओढला. नवऱ्याला विचारावं असं क्षणभर वाटलं, आणि मग वाटलं, नको. समासात तिने आपल्या अक्षरात लिहायला घेतलं. तुटलेली तार किती तासांत जोडायची. तक्रारीला माणसाचा आवाज. कुणाच्याही हुकमावरून एका वस्तीची जोडणी तोडायची नाही; तोडली तर कुणी, कुणाच्या सांगण्यावरून, ते पालिकेच्या दारावर लावायचं. शेवटचं दादाने सांगितलं, तिच्या पेनाकडे बघत, एकेक शब्द. पालिका हे मान्य करील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.  तिने सही केली.

माईंनी केली. आक्काने उभ्याउभ्या केली. दादाने चष्मा लावला, दोन्ही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली, समासही वाचला. त्याची सही नेहमी आडवीतिडवी, घाईची असायची, एक पाय शिडीवर असल्यासारखी. या वेळी त्याने अक्षर अन् अक्षर काढलं. मग कुणाकडे न बघता तो मागच्या जिन्याने खाली गेला. वहिनी उठली आणि परत बसली.

धाकटीने कप गोळा करून स्वयंपाकघरात नेले. चिमी स्टुलावर चढून खिडकीत उभी होती. खाली उन्हाची शेवटची पट्टी पायरीवर होती आणि माणसं होती तशीच होती. अर्जवाली मुलगी मात्र गेली होती. दादा रांगेच्या टोकाशी उभा राहिलेला तिला दिसला. मग तो बसला. पायरीवरची माणसं, फोनवरून नजर न उचलता, एकापाठोपाठ एक थोडी थोडी सरकली, कुणाहीसाठी सरकतात तशी. दादाने फोन बाहेर काढला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

“आई, तिथे कोण बसतं माहितीये?” चिमीने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितलं, “ज्यांच्याकडे नाहीये ते.”

“हो गं बाई.”

चिमी काचेला नाक लावून बराच वेळ खाली बघत राहिली.

“मग दादाकाकाकडे काय नाहीये?”